ओल्या फरशीवर बसलेल्या शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट इथे परदेशात, नॉर्थ यॉर्कमधल्या एका डेंटल क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये झाली. त्या वेळी शरमेने माझी मान खाली होती.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा नुकतीच अठरा वर्षांची झाली होती, म्हणून मुलांच्या थेरपी सेंटरचे दार तिला बंद झाले होते. मुक्ताला बोलता येत नाही. ती सारखी स्वतःच्या गालावर बुक्के मारू लागली, तेव्हा डॉक्टरांनी ‘बिहेवियर’, म्हणजे वागण्याचाच दोष, म्हणून गोळ्या दिल्या. शेवटी, दात तर दुखत नसेल ना, म्हणून डेंटिस्टकडे नेले, तर आत बोलावताच ती किंचाळत खाली बसली. कपडे ओले झाले. लोकांनी खुर्च्या दूर सरकवल्या. मी मुक्ताला मराठीत विनवत होतो आणि बाकीच्यांना सॉरी, सॉरी म्हणत होतो.

“सॉरी कशाला? तिला दुखतंय हो!” असे म्हणत एक बाई तिच्याशेजारी त्या ओल्या फरशीवरच बसल्या. निवृत्तीनंतरही त्याच इमारतीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करणाऱ्या, अशा मुलांना रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून शिकवणाऱ्या त्या शैलजाताई.

पुढे त्या नियमाने घरी येत. डेंटिस्टचा छोटा आरसा त्यांनी आधी मुक्ताच्या हातात दिला आणि स्वतःचे तोंड उघडले. एकदा तर आपली कवळीच काढून दाखवली. मुक्ता खदखदून हसली, आणि त्या हसण्यात तिची काळी पडलेली दाढ आम्हाला दिसली. डेंटिस्टने ती दाढ काढली आणि बुक्के थांबले.

ताईंचा बाणाही तसाच. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्या प्रमुख पाहुण्या होत्या. त्यांनी मुक्ताला पहिल्या रांगेत आपल्याजवळ बसवले. गाणे रंगात आले असताना मुक्ता मोठमोठ्याने ओरडू लागली. माना वळल्या. मी मागच्या दाराशी घामाघूम उभा होतो.

“पाटणकर, तिथे काय करताय? पुढे या. मुलगी तुमची आहे,” ताईंनी सर्वांदेखत हाक मारली. तेवढे अंतर चालताना मला कुणाकडे बघवले नाही.

यंदा ताईंना पंचाहत्तरावे लागले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे मी मनापासून मागतो. पण खरे सांगायचे, तर हे मागतानाही लाज वाटते. मी आणि माझी पत्नी थकत चाललो आहोत. आमच्यानंतर मुक्ताच्या शेजारी कोण बसेल, या धास्तीपोटी मी ताईंचे आयुष्य मागतो आहे.