स्की घेतल्या बॅगेच्या काट्यावर

मंडळी, आज मला स्वतःचीच किळस आलीय.

नव्या स्की घेताना मी दुकानात चक्क इंडियाला जायच्या बॅगांचं वजन करायचा काटा काढला आणि सगळ्यांत हलकी जोडी घेतली.

आज एडिनबराहून डोंगरावर गेलो. मशीन फिरवून सपाट केलेल्या मऊ बर्फावर ती अलगद वळली. वर कडक बर्फ लागला, तशी थरथरायला लागली, तिची कड बर्फात रुतेचना. दुपारी बर्फ ओला झाला आणि तिने मला थेट चिखलात नेऊन घातलं. तोंडात अजून ती घाण चव आहे.

लेक भाड्याच्या जड स्कीवर आरामात खाली आली. म्हणाली, "बाबा, काटा आणलायस? चिखलाचं वजन करू या."

वीस वर्षं इथे राहूनही आपण डोंगरावर विमानातल्या बॅगेच्या तेवीस किलोचाच विचार का करतो?