दाताची चीर कोणती?

पत्र्याच्या पेट्या आणि पन्हळी करणाऱ्या उस्तादाचे पंजे कायम चिरांनी भरलेले असत. कड लागली की फडक्याने रक्त टिपायचं आणि पुढचा पत्रा ओढायचा, ही त्याची उभ्या हयातीची रीत. हातमोजे घालणाऱ्यांना तो 'नवरदेव' म्हणायचा.

म्हणून भंगारवाल्याच्या आवारात पत्रे निवडताना तिथल्या कुत्र्याने हात धरला, तेव्हाही त्याने फडकंच फिरवलं. कुत्रं ओळखीचं, दात जेमतेम लागलेला. भंगारवाला वर हसून म्हणाला, तुझ्या हातावर त्याचेच दात बोथट झाले असतील.

पुढच्याच आठवड्यात तिथल्या हमालाने सांगितलं, कुत्रं पिसाळलं होतं, लाळ गाळत दिसेल त्याच्यावर धावत होतं, काल मेलं. कात्री पत्र्यात तशीच अडकून राहिली.

घरी त्याने चकार शब्द काढला नाही. पण आता रोज सकाळी तो नळाजवळ पेला घेऊन उभा राहायचा. पाणी बघून अंगावर काटा येतोय का, ते बघायचा. डोळे मिटून घोट घ्यायचा. उतरला, की तेवढा दिवस पदरात पडला.

एका सकाळी ठसका लागला. पेला निसटला. भिंतीला धरून तो खालीच बसला. बायको धावत आली आणि मग सगळं बाहेर पडलं.

ती रडली नाही. साबण घेतला, त्याचे हात नळाखाली धरले आणि बराच वेळ धुतले. आता काय उपयोग, असं तो पुटपुटला. तिने ओल्या हातानेच त्याला दाराबाहेर काढलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, यायला उशीर केलात, पण लक्षणं नाहीत तोवर उपाय आहे. आज दंडात लस, पुढची प्रत्येक तारीख पाळायची. शिवाय दुसरं एक औषध थेट जखमेत टोचावं लागेल.

"जखम दाखवा."

उस्तादाने हात उलटेपालटे केले. अंगठ्याजवळची? करंगळीखालची? मधल्या दिवसांत जुन्या चिरा भरल्या होत्या, नव्या पडल्या होत्या. त्याने एक बोट पुढे केलं, पुन्हा मागे घेतलं. चुकीची दाखवली तर?

"मला ओळखता येत नाही, बाई."

"मग एकही सोडायची नाही."

त्यांनी औषध पातळ करून दोन्ही पंजांवरच्या चिरांमध्ये थोडं थोडं टोचलं. हातावर घण पडला तरी हूं की चूं न करणारा माणूस बायकोचं मनगट आवळून बसला होता.

बाईंनी लिहून दिलेला कागद घेऊन पोलीस चौकीत आणि पालिकेत जायचं होतं. ओळखीच्या माणसावर तक्रार कशी करायची, म्हणून तो अडखळला. बायको एवढंच म्हणाली, "त्या हमालालाही चाटलं असेल."

तक्रार नोंदली गेली. पालिकेची माणसं आवारात गेली. कुत्र्याच्या लसीचा दाखला मागितला, तो नव्हताच. निष्काळजीपणाबद्दल भंगारवाल्यावर गुन्हा दाखल झाला. हमालाच्या पायावरही त्याच कुत्र्याच्या दाताने खरचटल्याचं निघालं, त्याची लस त्याच दिवशी सुरू झाली.

भंगारवाला उस्तादाच्या दुकानात येऊन म्हणाला, "एवढ्या वर्षांची ओळख विसरलास?"

उस्तादाने दोन्ही पंजे त्याच्यापुढे पालथे धरले. "यातली तुझ्या कुत्र्याची कोणती, ते सांग. तक्रार मागे घेतो."

भंगारवाला आल्या पावली निघून गेला.

लसीची शेवटची तारीख पार पडली. आता उस्ताद हातमोजे घालून पत्रा कापतो, आणि बायको त्याला नवरदेव म्हणते. सकाळचं पाणी मात्र तो अजून ती समोर असल्याशिवाय पीत नाही.