जम्बोच्या आजोबांचं दर्शन

कुठून सुरू करू, तेच कळत नाही. चहा गार झाला तरी चालेल, पण ऐकाच. माणूस किती शिकला म्हणजे त्याची फजिती व्हायची थांबते, हे मला बघायचं होतं. डॉक्टरेटपर्यंत जाऊन बघितलं. काही उपयोग नाही!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी कॉलेजातून नुकताच निवृत्त झालो होतो. मुलगी अमेरिकेत, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. जावई आम्हा दोघांची तिकिटं पाठवणार होता. मुंबईहून, जम्बो जेटने! बायको आनंदात. आणि मी? जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. विमान का उडतं, हे फळ्यावर दरवर्षी सिद्ध करून दाखवलं. पण फळा जमिनीवर असतो हो!

"माझा गुडघा जरा..." मी सुरुवात केली.

"गुडघ्यावर ढकलू नका. तुम्ही घाबरलात," बायको म्हणाली. "आपल्या म्युझियममध्ये जे जुनं विमान उभं आहे ना, त्यात अर्धा तास नीट बसून दाखवा. जमलं तर चला. नाहीतर एकच तिकीट पाठवायला सांगते. मी एकटी जाऊन नातवंड बघून येईन."

आता नागपुरात जम्बो कुठून आणायचा? पण जम्बोचे आजोबा म्हणावेत असं एक जुनं, चार इंजिनांचं प्रवासी विमान शहराबाहेरच्या म्युझियमच्या मैदानात जपून ठेवलं होतं. एके काळी समुद्र ओलांडलेलं. रविवार होता. उमरेड-सावनेरकडची मंडळी जेवणाचे डबे घेऊन आली होती. बायको कडुनिंबाखाली बाकावर बसली आणि मला हातानेच म्हणाली, जा.

मी विमानाच्या पोटाखाली उभा राहून वर पाहिलं आणि पाहतच राहिलो! एकेका पंखाच्या सावलीत लग्नाची पंगत बसली असती. पत्र्यावर रिव्हेटांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक रिव्हेट कुणीतरी हाताने बसवलेला. एवढं धूड ढगांच्या वरून गेलं? ज्या समीकरणांना मी दहापैकी गुण देत आलो, त्यांनी हे उचललं? अंगावर काटा आला. आणि शिडीपाशी, कसे कोण जाणे, मी बूट काढले.

बस्स! एवढंच केलं मी. बाकी सगळं आपोआप घडलं.

आत खिडकीशी बसलो. डोळे गच्च मिटले. हात घट्ट जोडून धरले आणि धीर यावा म्हणून हवेच्या दाबाची समीकरणं पुटपुटू लागलो.

"हे बुवा कोण होय वं?"

"हळू बोल ना! जप करून राहिले ते."

"अन् तू चप्पल घालून काहून आला गा? खाली बूट काढून ठेवले त्यायनं, दिसत नाही काय?"

मला वाटलं, शेजारी कुणी बुवा येऊन बसले असतील. डोळे उघडून पाहायची हिंमत नव्हती.

थोड्या वेळाने खाली नारळ फुटला. उदबत्तीचा वास आला. मी समीकरणांचा वेग वाढवला. मग मांडीवर काहीतरी ऊबदार, मऊ येऊन पडलं. आणि ते रडलं!

डोळे उघडले. मांडीवर कुणाचं तरी तान्हं बाळ. पायांशी झेंडूची फुलं आणि प्रसादाचे गोड चिरंजीदाणे. दारापर्यंत अनवाणी माणसांची रांग. खिडकीतून खाली पाहिलं, तर चपलांचा ढीग, पुढच्या चाकाला हळदकुंकू, आणि म्युझियमचा चौकीदारच ओरडतोय, "चप्पल उतारो भाई, चप्पल!"

तेवढ्यात म्युझियमचे साहेब धापा टाकत आले. "हे कोणी सुरू केलं?"

सगळी बोटं माझ्याकडे वळली.

"बुवाले काही म्हणू नका साहेब," बाळाची आजी मध्ये पडली. "लय तपाचे आहेत ते."

"अहो, मी बुवा नाही! प्राध्यापक आहे मी!"

"मंग डोळे मिटून काय म्हणून राहिले होते?"

खिडकीतून बायको दिसत होती. बाकावरून उठून इकडेच येत होती. काहीतरी थाप मारायला हवी होती, पण सुचलीच नाही.

"भीत होतो," मी म्हणालो. "मुलीकडे जायचंय. विमानाने."

"पण हे तं उभं आहे ना बाप्पा!"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. आजीने बाळ उचललं. "लेकीले दिवस आहेत काय?"

"हो."

"मंग भेता काहून? चला, पाया पडा अन् जा बिनघोर."

तिने मला हाताला धरून खाली आणलं. साहेबांदेखत, बायकोदेखत मी वाकलो आणि चाकाच्या दांड्याला कपाळ टेकलं. खरं सांगू? लाज नाही वाटली. डोक्यावर ते प्रचंड पोट, कितीतरी माणसांना समुद्रापार सुखरूप पोचवून आलेलं. मनात म्हटलं, आजोबा, न्या मला.

"येणार?" बायकोने विचारलं.

"येणार."

मग तिची नजर माझ्या कपाळावर गेली. दांड्याच्या काळ्या ग्रीसचा उभा पट्टा, नाकापासून थेट केसांपर्यंत! साबण झाला, रॉकेल झालं, पण डाग हटेना. आणि पासपोर्टचा फोटो नेमका त्याच संध्याकाळी काढायचा होता. फोटोवाल्याने माझ्यासाठी खुर्ची दोनदा पुसली.

अमेरिकेत उतरलो. तिथल्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि अदबीने विचारलं, "आपण धर्मगुरू आहात का?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "हो. उभ्या विमानांचे."