देवकाबाईनं सुपरवायझरी सोडली

सिंदी मेघेतल्या आमच्या शिलाईच्या कारखान्यात देवकाबाईसारखी कॉलर बसवनारी दुसरी नाई. हे मी, शोभा, सांगून राह्यली. तिच्या बाजूच्या मशीनवर बाह्या लावता लावता माही उमर गेली, मंग मले नाई तं कोनाले माईत राह्यन?

मालक साहिलभाऊ पोरगा चांगला. पन कामगारायले खुश कसं ठेवावं, याचं शिबिर नागपूरले करून आला अन् बिघडला. म्हने, चांगल्या मानसाले वर नेलं पायजे. झालं! सगळ्यायसमोर देवकाबाईले शाल-नारळ देऊन सुपरवायझर केलं अन् खुर्चीत बसवलं. तिची मशीन देली रक्षाले, नव्या पोरीले. चारचौघात सत्कार झाल्यावर नाई कोन म्हनन? तिचा नवरा बंडूजी तं पवनारपर्यंत सांगत सुटला.

मंग काय, बाई दिवसभर आमच्यावर नजर ठेवे. कोनाले रागावता येईना तिले. कोनाची शिलाई वाकडी गेली का तिचेच हात शिवशिवत. एक दिवस मी म्हनलं, "काऊन वं, तोंड काऊन उतरलं?" तं डोये भरले तिचे.

"शोभे, सकाळी उठून इकडं यायची इच्छाच होत नाई. दिवस सरते, अन् म्या काय केलं ते दाखवाले काईच नाई राहात."

असा राग आला मले त्या सुपरवायझरीचा!

सोमवारी ती सरळ साहिलभाऊसमोर जाऊन उभी राह्यली. "मले शिलाईवर बसू द्या."

साहिलभाऊ हासला. "काकू, लोकं बढतीसाठी मरतात. पगार कमी पडते का?"

"पगार चांगला हाय. मले काम पायजे."

"पन मशीन तं रक्षाले देली. तिची काय चूक?"

"राहू द्या तिले. कोपऱ्यातली पायानं चालवाची जुनी मशीन द्या. नाई तं उद्यापासून मी येत नाई."

आवाज चढला नाई तिचा, पन जागची हललीबी नाई. साहिलभाऊनं डोकं खाजवलं अन् त्या जुन्या मशीनवर झाकलेलं कापड काढाले सांगतलं.

आमची घरं एकाच गल्लीत. संध्याकाळी आमी दोघी पोचलो तं बंडूजी दारातच उभा. त्याले कोनीतरी फोनवर सांगतलंच होतं.

"इज्जत घालवली माही! आता लोकायले काय सांगू?"

देवकाबाईनं चपला काढल्या. "सांगा, माही बायको कॉलर बसवते."