अठरा वर्षांपुढची माणसं

बाप गेल्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान तिनं चालवायला घेतलं. पुढे काउंटर, मागे काचा घासायचं यंत्र आणि यंत्रापाशी स्टुलावर तिचा धाकटा भाऊ. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची, तरी सगळे त्याला छोटूच म्हणत. यंत्राच्या पत्र्यावर तळहात टेकवून तो तासन्‌तास बसायचा. बोलायचा नाही. यंत्र थांबलं की बहिणीकडे बघायचा, आणि ती म्हणायची, "अरे हो रे, लावते."

ती सगळ्या गल्लीची ताई होती.

छोटूला लहानपणी नाही नाही त्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. एक म्हणाला, आईनं लाडावून ठेवलाय. दुसरा म्हणाला, आईची माया कमी पडली. आईनं दोन्ही मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग कुणीतरी स्वमग्नता हा शब्द सांगितला आणि एका सरकारी वर्गाचा पत्ता दिला. तिथं तो आपल्या हातानं जेवायला शिकला, बूट घालायला शिकला. अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी वर्गातल्या बाईंनी केक कापला, टाळ्या वाजवल्या आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नियमच तसा होता.

"सरकारच्या लेखी ही पोरं अठराव्या वर्षी बरी होतात," ताई गिऱ्हाइकांना सांगायची. गिऱ्हाइकं हसायची. ताई हसत नसे.

आई गेली तेव्हा तिनं कसलं वचनबिचन मागितलं नाही. "तुझं लग्न राहून गेलं गं," एवढंच म्हणाली. त्याचं कारण शेजारच्या खोलीत झोपलं होतं.

त्यानंतर ताईनं आणखी काही घरं गोळा केली. त्यांत एक पोस्टमन होता, त्याची मुलगी छोटूच्याच वयाची. एक नर्स होती, तिचा मुलगा अजून पाटीदप्तराच्या वयाचा. दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांच्या बैठका चालत. मागणी साधी होती: मोठ्या झालेल्या या माणसांना दिवसभर जाता येईल अशी एक जागा आणि त्यांना समजून घेणारी शिकलेली माणसं सरकारनं द्यावीत. आणि मोठेपणी, म्हातारपणी यांचं काय होतं याचा कुणीतरी अभ्यास करावा, कारण डॉक्टरांनाही ते सांगता येत नव्हतं.

आरोग्य खातं समाजकल्याणकडे बोट दाखवायचं, समाजकल्याण शिक्षणाकडे, आणि शिक्षण खातं पुन्हा आरोग्याकडे. हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला आला. शेवटी मंत्र्यांच्या सचिवानं खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस गोड बोलणारा होता.

"ताई, कागद कोणी वाचत नाही. समितीसमोर भावाला आणा. माणूस दिसला की पाझर फुटतो."

"तो काय नमुना आहे दाखवायला?"

"मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

चहा तसाच ठेवून ती उठली.

पुढं पोस्टमन झटक्यानं गेला. त्याच्या बायकोला पोरगी एकटीला आवरेना, आणि दुसरी जागाच नसल्यानं मुलीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. ताई भेटायला गेली. मुलगी औषधानं अर्धवट ग्लानीत होती आणि तिच्या मनगटाला पट्ट्याचे वळ होते. बाहेर येऊन ताई पायरीवर बसली. मग तिनं सचिवाला फोन लावला. "आणते," म्हणाली.

समितीचा हॉल मोठा होता, दिवे भगभगीत. तिनं छोटूला नवा शर्ट घातला होता. अध्यक्षांनी बोलायला माईक ओढला आणि तो कर्कश किंचाळला. छोटूही किंचाळला. कान दाबले, टेबलाच्या कडेवर डोकं आपटू लागला. ताईनं त्याला कवेत घ्यायला हात पसरले, तेवढ्यात दोन रखवालदारांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. कॅमेरे पुढं सरकले. "सोडा त्याला! अहो, माईक बंद करा, माईक!" ती ओरडत होती. माईक कोणी बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्या पेपरांत. कपाळावर रक्त, वर रखवालदाराचा गुडघा. घराघरांत हळहळ झाली आणि आठवडा उलटायच्या आत मंत्र्यांनी निधी जाहीर केला. संशोधन, केंद्र, सगळं.

छोटू त्या दिवसापासून घराबाहेर पडला नाही. ताईनं हात पुढं केला की भिंतीकडे सरकायचा. दुकानातलं ते स्टूल तिनं माळ्यावर टाकून दिलं.

केंद्र झालं. झकास झालं, खोटं कशाला बोलायचं. उद्घाटनाला नर्स तिच्या गळ्यात पडून रडली. "ताई, माझ्या पोराला जागा मिळाली. तुमच्यामुळे." ताईनं तिची पाठ थोपटली. मग दारावरची पाटी वाचली: वय दोन ते अठरा. संशोधनाचा पैसाही त्याच वयाला.

तिनं सचिवाला गाठलं. "आणि मोठ्यांचं?"

"दुसऱ्या टप्प्यात, ताई. लहान मुलांचं लोकांना पटतं. मोठी माणसं दाखवली की लोक घाबरतात."

"दाखवलं तेव्हा नाही घाबरलात."

त्यानं घड्याळ बघितलं आणि मंत्री निघालेत म्हणाला.

हळूहळू बैठकीला येणारी घरं कमी झाली. ज्यांची पोरं आत गेली त्यांना आता वेळ नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही नव्हतं. नर्सचा मुलगा बोलायला लागला. ती पेढ्यांसारखी ती बातमी घेऊन दुकानात आली. ताईला आनंद झाला, आणि आनंद होतोय याचाच तिला इतका संताप आला की नर्स गेल्यावर हातातली गिऱ्हाइकाची फ्रेम तिनं मोडून टाकली.

सरकार बदललं, सचिवही बदलला. नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं.

"पण निधी दिलाय ना तुम्हाला?" तो म्हणाला. "आता परत काय?"

ताईनं परत सांगितलं. सोबत पोस्टमनची बायको होती. आता त्या दोघीच उरल्या होत्या. काम झालं नाही. बाहेर पडल्यावर दोघी इस्पितळाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्या, कारण भेटीची वेळ टळली तर मुलीला बघू देत नाहीत.