फॉर्मॅलिनची पट्टी

माझ्या मावशीचा हात मोडला तो तिच्याच तराजूच्या दांडीनं. तिरोड्याच्या त्या बाजारातून जाताना मला अजून संताप येतो, आणि मी तो लपवत नाही.

मी गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्रात संशोधन करते. आम्ही बोटाएवढ्या पट्ट्या बनवतो. प्लास्टिकवर कार्बनच्या शाईची छपाई, तिच्यावर निकेलचे डोळ्यांना न दिसणारे कण. मासा धुतलेल्या पाण्याचा थेंब टाकला, की मोबाइलला जोडलेलं छोटं यंत्र त्यात फॉर्मॅलिन आहे का ते सांगतं. पट्टी एकदा वापरायची आणि फेकायची. फॉर्मॅलिन म्हणजे प्रेत सडू नये म्हणून वापरतात ते औषध.

मावशी बोदलकशाच्या तलावातली मासळी विकायची. ट्रकनं बाहेरची मासळी आणणारा व्यापारी गिऱ्हाइकांना सांगत सुटला होता, की औषध हिच्याच मालात आहे. गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा मावशीनं मला बोलावून घेतलं.

"लाव तुही पट्टी साऱ्यायसमोर. मी काऊन भेऊ?"

लावली. पडद्यावरची रेघ सरळ वर चढली, म्हणजे तिच्या टोपलीतल्या मासळीत फॉर्मॅलिन होतं. व्यापाऱ्याचा माणूस माझ्या खांद्यावरून बघतच होता. "देखो, बुढ्ढी जहर बेच रही है," तो ओरडला.

टोपली लाथेनं उडाली. रोज तिच्याकडूनच मासे नेणाऱ्या एकानं तिचे केस धरून तिला खाली पाडलं, दुसऱ्यानं दांडी घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दांडीवाल्याच्या मनगटाला मी रक्त येईस्तोवर चावले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

ओढणीनं तिचा हात बांधताना मला चिखलात पडलेला बर्फ दिसला. "मावशी, हा बर्फ कुठला?"

"ट्रकवाल्याचा. पेट्या खाली झाल्या का फेकून देते तो. आमी साऱ्याजणी तोच उचलतो."

त्या बर्फाच्या पाण्यावर पट्टी लावली. रेघ मघापेक्षा वर गेली. मग बादलीत जिवंत ठेवलेला, बर्फ न लागलेला तिचा मरळ मासा तपासला. काहीच निघालं नाही.

मोबाइल घेऊन मी ट्रककडे धावले. तिथे मासळी घ्यायला गर्दी झाली होती, आणि मावशीचे केस धरणारा सगळ्यांत पुढे होता. बर्फाची आणि मरळीची, दोन्ही रेघा मी त्याच्या डोळ्यांसमोर धरल्या, बर्फाचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण निघालं तं तिच्याच टोपलीत ना," तो म्हणाला, आणि व्यापाऱ्यापुढे पिशवी उघडून धरली.