खिडकीतून धरलेली जागा

आमचा मुलगा चालायला शिकला तो एसटीत. ही थाप नाही. थापा पुढे येतील तेव्हा तुम्हाला कळतीलच. बारामती-इंदापूर रस्त्यावर, दोन बाकांच्या मधल्या वाटेत, कुणाचं धोतर तर कुणाचा गुडघा धरत त्यानं पहिली पावलं टाकली. त्यामुळे घरी फरशीवर उभा केला की आपटायचा. फरशी हलत नव्हती ना! रविवारी त्याला झोपच यायची नाही. मग आमचे मालक उशाशी बसून तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचे, आणि भवानीनगरचा चढ आला असं समजून गिअरही बदलायचे. भवानीनगरला चढ नाही. पण पोराला तेवढं कुठं ठाऊक?

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आम्ही बारामतीत दोन खोल्यांत राहत होतो. मालक कारखान्यात पाळीवर, आणि मी इंदापूरला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा साऱ्या भावकीपुढं एकच प्रश्न होता: पोराचं काय करायचं? नातेवाईक म्हणाले, नोकरी सोड. सासूबाई म्हणाल्या, नोकरी कर, पोर शेळगावला माझ्याकडं ठेव. मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी आपणहून सांगितलं. नोकरी माझी आणि पोरही माझं. दोन्ही एकाच गाडीनं जातील.

इंदापूरला कचेरीच्या मागं एक मावशी राहायची, ती दिवसभर त्याला सांभाळायची आणि मी दुपारी जाऊन पाजून यायची. तिकडची अडचण नव्हती. अडचण होती मधे. शेळगाव नेमकं वाटेवर. रोज सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना गाडी फाट्यावर थांबली की माझ्या खिडकीखाली सासूबाई उभ्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. अंगानं काडीसारख्या, पण त्यांनी आवाज लावला तर पुढच्या निमगावची कुत्री दबकून बसायची.

"दे हिकडं त्याला," आत्या खिडकीतनं हात घालायच्या.

"कशाला?"

"कशाला म्हंजी? पोर हाय का टपालाची पिशवी, रोज हिकडनं तिकडं न्यायला?"

"टपालाची पिशवी रडत न्हाय, आत्या. हे रडतंय, म्हंजी पोरच हाय."

गाडी हसली. आत्या हसल्या नाहीत. "धूर, धुरळा, उसाच्या ट्रॉल्या. चार म्हैन्याचं लेकरू हाय ते."

"तुमी न्हाय का तुमच्या लेकाला बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचा? मी माझी झोळी एसटीला बांधलीय."

हे त्यांना लागलं. उन्हात खुरपून त्यांनी ज्याला शिकवलं, तोच माझा नवरा. शिकलेली, नोकरीवाली सून हवी म्हणून मला मागणी घालायलाही त्याच आल्या होत्या. पण माघार घेतील त्या आत्या कसल्या!

"बाभूळ जाग्यावर ऱ्हाती गं," त्या म्हणाल्या. "झोळी घिऊन इंदापूरला पळत न्हाय." मग साऱ्या गाडीकडं वळून म्हणाल्या, "आयका समदी! हिच्या हातनं एकदा जरी पोर हरवलं, तर त्या दिसापासनं ते शेळगावात ऱ्हाईल. हाय का कबूल?"

मला गप्प बसता येत नाही. तोंडात काही येऊन थांबलंय असं कधी झालंच नाही. "कबूल!" म्हटलं, आणि कंडक्टरनं घंटी मारली. बेचाळीस सीटांचे बेचाळीस साक्षीदार, उभ्यानं होते ते वेगळे.

पुढं वर्षभर पोर त्या गाडीत वाढलं. पहिला दात त्यानं खिडकीच्या दांडीवर घासून काढला. रांगायला लागल्यावर अंथुर्णेला बाकाखाली शिरायचं आणि शेळगाव आलं की पुढच्या बाकाखालून शेंगदाणे खात बाहेर पडायचं. कुणाचे शेंगदाणे, ते विचारायचं नाही. रोजच्या प्रवाशांना दोन्ही हात जोडून जयभीम करायचं, आणि अनोळखी माणसानं गाल ओढला की त्याला चावायचं. आणि शेळगावचा फाटा आला की खिडकीतून आलेला आजीचा हात हसत हसत झटकून द्यायचं. आत्या रोज विचारायच्या, "हाय न्हवं धड?" मी रोज म्हणायची, "मोजून घ्या, दोन हात, दोन पाय." पण त्या वाट बघत होत्या, हे मला ठाऊक होतं. आज ना उद्या सुनेचं काहीतरी चुकणार.

आता आमच्याकडं एसटीत जागा कशी धरतात ते सांगायला हवं. दारातून चढून जागा मिळते असं फक्त पाव्हण्यांना वाटतं. गाडी स्टँडवर लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, पिशवी टाकायची. पण रुमाल लोक उचलून बाजूला ठेवतात. पोर कोण उचलणार? मी खिडकीतून पोर टाकायची. टाकायची म्हणजे अलगद, दांडीवरून आत, सीटवर बसवायची. मग वळसा घालून दारातून चढायची. तोवर त्यानं जागा राखायची. कुणी जवळ आलं की सीटवर थाप मारून सांगायचं, "मानुस हाय!" हे त्याचं पहिलं वाक्य. आई, बाबा मागाहून आले.

त्या संध्याकाळी इंदापूरला आधीची गाडी रद्द झालेली होती. स्टँडवर एवढी गर्दी, की मुंगीला वाट हवी असती तर तिला तिकीट काढावं लागलं असतं. बारामती गाडी लागली. मी दीड वर्षाचं पोर दोघांच्या पागोट्यांवरून उचलून खिडकीतून आत दिलं. आतून थाप ऐकू आली, "मानुस हाय!" झालं काम. मी दाराकडं धावले.

दारात कंडक्टर आडवा. "फुल झाली. मागच्या गाडीनं या."

"माझं पोर आत हाय!"

"ताई," तो म्हणाला, "आज धा-बारा बायांची पोरं आत हायती. जाऊन बघतो तर समदी मिशावाली."

चूक त्याची नव्हती. त्या स्टँडवर प्रत्येक बाईला आत शिरायला हेच कारण लागायचं. ही युक्ती तिथं पहिल्यांदा कुणी आणली, ते मी सांगणार नाही. त्यानं दार ओढलं, दोनदा घंटी मारली, आणि गाडी माझं पोर घेऊन निघाली.

मी जी धावले! पिशवी पडली, एक चप्पल राहिली, रसवंतीवाल्याचा चरक माझ्या वाऱ्यानं उलटा फिरला. पण एसटी ती एसटी. धूर माझ्या तोंडावर सोडून हायवेला लागली.

स्टँडबाहेर वडापाची, म्हणजे माणसं कोंबून नेणारी भाड्याची, जीप भरत होती. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बोटभर जागा न्हाय." मी म्हटलं, "बोट घरी ठिवते, मला घे." त्यानं मला स्वतःच्या आणि दांडक्याच्या मधे कोंबलं. त्याचा हात गिअरपर्यंत पोचेना, म्हणून "ताई, दुसरा टाका," "ताई, तिसरा," असं तो सांगायचा आणि मी टाकायची. निमगावच्या पुढं तर मी त्याच्या सांगण्याची वाटच बघितली नाही.

लोकांना वाटलं असेल, मला पोराच्या जिवाची भीती. नव्हती. त्या गाडीत त्याला कोण त्रास देणार? निम्मी गाडी त्यानं चावून काढलेली. मला भीती होती शेळगावच्या फाट्याची. गाडी तिथं थांबणार, आत्या खिडकीखाली असणार, आत पोर असणार आणि मी नसणार. कबूल म्हटलेलं होतं, बेचाळीस जणांसमोर. उद्यापासून त्याच रस्त्यानं रिकाम्या मांडीनं जायचं, नाहीतर घरी बसायचं. दोन्ही विचार आले, आणि मी चौथा गिअर टाकला.

फाट्यावर एसटी उभी होती. इंजिन बंद. समोर रस्त्याच्या मधोमध आत्या, कमरेवर हात ठेवून. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर, आणि एका खिडकीत माझं पोर, दोन्ही हातांनी दांडी धरून.

काय झालं ते पाच-सहा जणांनी एकदम सांगितलं. निमगावला कंडक्टरला कळलं की या बाईचं पोर बिनमिशीचं आहे. रोजचे लोक म्हणाले, पुढं आजी उभी असते, तिच्याकडं देऊ. आत्या गाडीत चढल्या, त्याला उचलायला गेल्या, तर तो दांडी सोडेना. "मानुस हाय! मानुस हाय!" करून गाडी डोक्यावर घेतली. जागा आईची, आजीलाही नाही. मग आत्या खाली उतरल्या आणि गाडीपुढं उभ्या राहिल्या. त्याची आई आल्याशिवाय गाडी हलायची नाही म्हणाल्या.

कंडक्टर काकुळतीला आला होता. "म्हातारे, गाडीला टाइम झाला."

"बाईला खाली सोडून लेकरू आणलास, तवा टाइम बघितला व्हतास का?" आत्या त्याला म्हणाल्या. मग त्यांनी मला पाहिलं. एका पायात चप्पल, केसांत जीपचं ग्रीस.

"काय गं, टायपिस्टीनबाई? हरवलं का न्हाय पोर?"

त्या कबुलीचे निम्मे साक्षीदार खिडक्यांतच होते. मला दम लागलेला, पण तोंडाला कधी दम लागत नाही.

"आत्या, पोर कुठं हरवलं? जिथं ठिवलं तिथंच हाय. जागासुद्धा सोडली न्हाय त्यानं. हरवले मी. आन सुनेचं काय ठरलं न्हवतं. ठिवायचीच असंल तर मला ठिवा शेळगावात, त्याला जाऊ द्या घरी."

मागच्या खिडकीतून एक तात्या म्हणाले, "म्हातारे, खरं हाय. ठरलं व्हतं ते पोराचं."

आत्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मीही नजर खाली घातली नाही. लग्नात घातली होती, तेवढी पुरे झाली.

"तोंडात गिरण बसवलीया का गं?" त्या म्हणाल्या. जवळ येऊन माझा पदर नीट केला, जरा जोरातच. "चढ. लोकं खोळंबल्यात."

मी चढले. त्यानं मला पाहिलं, दांडीवरचे हात काढले, मला बसू दिलं आणि मांडीवर डोकं ठेवून लगेच झोपला. मी रडले नाही. उसाच्या हंगामात त्या रस्त्यावरच्या धुळीत साखर असते, ती डोळ्यांना झोंबते. घरी मालकांनी विचारलं, "उशीर झाला?" म्हटलं, "गर्दी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामती स्टँडवर तोच कंडक्टर. मला बघून दारातून बाजूला झाला. "ताई, तुमी आधी चढा."

"न्हाय," मी म्हटलं. "आधी पोर." आणि त्याच्या डोळ्यांदेखत पोर खिडकीतून आत दिलं.

शेळगावला खिडकीखाली आत्या नव्हत्या. मग दारातून टोपली दिसली आणि मागून आत्या. इंदापूरच्या बाजाराला निघाल्या होत्या म्हणे. बाजार आदल्याच दिवशी झाला होता. त्या आमच्या बाकाशी आल्या. "सरक रं. आजी हाय तुजी."

त्यानं शेजारच्या मोकळ्या जागेवर थाप मारली. "मानुस हाय."

"अरे, कोण मानूस? तुजी आई बसली की!"

"मानुस हाय!"

मी त्याला मांडीवर घ्यायला हात पुढं केला, तर आत्यांनी माझा हात मागं सारला. "ऱ्हाऊ दे. धरलीया त्यानं." आणि वरची दांडी धरून इंदापूरपर्यंत उभ्यानं आल्या. निमगावला जो जो गाडीत चढला, त्याला थांबवून सांगत होत्या, "बघा वो, सख्ख्या आजीला जागा देत न्हाय. नातू हाय माझा."